हेलव्वाला रोगी पाहिजेत

सोलापुरात प्लेग आलाय म्हणून हेलन नावाची पोरगी विलायतेहून निघाली, आणि ती पोचेपर्यंत प्लेग निघून गेला. आता यात तिचा काय दोष? बोटीला यायला वेळ लागतो, प्लेग काय कुणासाठी थांबतो? एका विलायती सेवामंडळानं तिला पाठवलं होतं. पगारबिगार काही नाही, नुसती सेवा. आडत दुकानदार गुरुबसप्पांनी आपली बाहेरची खोली मंडळाला दवाखान्यासाठी दिली, नि त्यामुळं पाहुणीचा सगळा भार पडला त्यांच्या बायकोवर, दाक्षायणीबाईंवर.

दाक्षायणीबाई तोंडानं फटकळ, पण मनानं फार मऊ. पाहुणीनं कामाला हात लावला म्हणजे घराची अब्रू गेली, असं त्यांचं ठाम मत. हेलननं खराटा उचलला की त्या काढून घ्यायच्या, घागर उचलली की मोलकरीण धावत यायची. खायला घालायचं आणि बसवून ठेवायचं. गल्लीनं तिचं नाव हेलव्वा ठेवलं, पण दवाखान्याकडे कुणी फिरकेना, कारण कुणाला काही झालंच नव्हतं.

एका दुपारी हेलव्वा औषधाच्या पेटीवर डोकं टेकून रडताना बाईंना दिसली. मोडक्यातोडक्या मराठीत तिनं सांगितलं की रोगी नसतील तर मंडळ मला परत बोलावेल, आणि तिकडं जाऊन मी काय सांगू, बसून जेवले म्हणून? बाईंच्या काळजात चर्र झालं. आपल्या घरात पाहुणी रडते म्हणजे काय! शिवाय खरं सांगायचं तर त्यांनाच ती जायला नको होती. लेक नांदायला गेल्यापासून घर खायला उठायचं, ते या पोरीच्या हसण्यानं जरा माणसात आलं होतं.

मग काय, दुसऱ्या दिवसापासून गल्ली आजारी पडायला लागली. आज कुणाचा पाय मुरगळायचा, उद्या कुणाचं पोट दुखायचं, हे बाई सकाळी आडावर ठरवून द्यायच्या. शेजारचा निंगप्पा गाडीवान तर इतका रंगात आला की सोमवारी उजव्या पायानं लंगडायचा आणि गुरुवारी डाव्या. हेलव्वा मन लावून पट्ट्या बांधायची. रोगी चहा पिऊन, तिला सुनेच्या कागाळ्या ऐकवून घरी जायचे. पट्ट्यांच्या दिव्याला वाती झकास व्हायच्या, तो नफा वेगळाच.

पुढं काही महिन्यांनी मंडळाचे मोठे साहेब पुण्याहून तपासणीला येणार असं कळलं. साहेब पडले डॉक्टर, त्यांना लंगडणं कुठलं पुरायला? ताप पाहिजे. आणि काखेत कांदा धरून उन्हात बसलं की ताप भरतो, हे कुणाला ठाऊक नाही? बाईंनी घरातलं कांद्याचं पोतं गल्लीत वाटून टाकलं.

साहेब आले तर ओट्यावर दहापंधरा माणसं, सगळ्यांचा एकेक हात अंगाला चिकटलेला. उन्हानं अंगं चांगलीच तापली होती. साहेबांनी सदऱ्यावरनं निंगप्पाची काख चाचपली, हाताला टणक गाठ लागली, तसे ते मागं सरले. दुसऱ्याच्या काखेत गाठ. तिसऱ्याच्याही. साहेब मराठी बोलायचे ते पुस्तकातलं, पण त्या दिवशी सगळ्यांना चोख समजलं. प्लेग परत आला आहे, संध्याकाळच्या आत गल्ली रिकामी करून माणसं माळावरच्या झोपड्यांत न्यायची, घरात ऊन शिरावं म्हणून माळवदं फोडायची, घरातलं धान्य जाळायचं.

दाक्षायणीबाई पेचात पडल्या. खरं सांगावं तर पोरगी जाते, न सांगावं तर गल्ली जाते, आणि हे सगळं आपणच करून ठेवलेलं.

तेवढ्यात हेलव्वा उठली. तिनं निंगप्पाचा हात धरून वर केला. कांदा टपकन पडला आणि गडगडत साहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबला.

"साहेब, या गल्लीत कुणी आजारी नाही," ती म्हणाली. "मी आले तेव्हापासून नाही."

"मग आपण इतके मास काय केलेत?"

"बऱ्या माणसांना पट्ट्या बांधल्या. सोंग मला पट्ट्यांच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण मी बोलले असते तर हे लोक यायचे थांबले असते."

साहेबांनी काठीनं कांदा बाजूला सारला. मंडळाला अशा सेविकेचा उपयोग नाही, तुमची आमची आता गाठ सुटली, एवढं बोलून ते टांग्यात बसले.

गल्ली माना खाली घालून पांगली. हेलव्वा आत जाऊन सामान भरायला लागली. दाक्षायणीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं, पण रडू आलं की त्यांना आधी रागच यायचा.

"मंडळानं काढलं तुला. मी काढलंय का?" त्या म्हणाल्या. "ठेव ते खाली. आजपासनं पाहुणचार बंद. परसात चूल पेटव, भाकऱ्या थापायच्यात."

स्वयंपाकघरात नव्हे हं, परसातच. देवाधर्माचं बघावं लागतं की! हेलव्वानं चूल पेटवली, पीठ मळलं, भाकरी थापली. कडेला फाटली, मधे जाड राहिली, आणि तव्यावर टाकताना निम्मी विस्तवात गेली.

"अगं ए, डोळे फुटले का तुजे?" दाक्षायणीबाई कडाडल्या. "चांगलं पीठ मातीत घातलंस की. आईनं कायबी शिकवलं न्हाय व्हय?"

या घरात आल्यापासून तिला कुणी रागावलं नव्हतं. हेलव्वा पिठाच्या हातानं डोळे पुसत हसायला लागली, आणि तिनं दुसरा गोळा मळायला घेतला.