दारात थांबलेले तेल

पुळक्कऱ्याच्या महादेवाच्या तेलाला पहिले बोट लावले ते पोत्तनने. पोत्तनचा मुलगा चुम्मार, चुम्मारचा मुलगा उलहन्नान. या तिघांनी आयुष्यभर, दर वर्षी, उत्सवाचा ध्वज चढायच्या पहाटे देवळाच्या गोपुराबाहेर उभे राहून उजव्या हाताची तर्जनी तेलाच्या भांड्यात बुडवली. उलहन्नानचा मुलगा अविरा. त्याने ती बुडवली नाही.

तेल घाण्यावरून येई. घाणेवाल्याचा हात लागलेला, म्हणून ते तसेच आत जात नसे. नस्राणी, म्हणजे ख्रिस्ती, घराण्यातल्या माणसाचे बोट लागले की ते शुद्ध झाले असे मानत, आणि मगच ते गाभाऱ्यातल्या दिव्यांत पडे. क्रूसापुढे गुडघे टेकणाऱ्याच्या बोटात हे सामर्थ्य कोठून आले, हे देवळातल्यांनी कधी विचारले नाही आणि चर्चमधल्यांनी कधी सांगितले नाही. पोत्तन बायकापोरांसह नदीच्या खालच्या अंगाने या गावात आला तेव्हा देवळाच्या कारभाऱ्यांनी त्याला चर्चसाठी टेकडीवरची जागा दिली आणि आढ्यासाठी अखंड आंजिलीचे लाकूड दिले. पोत्तनपाशी द्यायला काही नव्हते. त्याने शब्द दिला, “माझ्या घरात एक बोट शिल्लक असेपर्यंत तुमचं तेल दारात थांबणार नाही.” तेव्हापासून घराण्याचे नावच एण्णक्कल पडले, म्हणजे तेलापाशी राहणारे. ते आढे आजही चर्चच्या छपराखाली आहे. शब्द मात्र अविराने मोडला.

गोपुरापाशी तेल घेऊन उभे राहण्याचे काम वारियरांचे. हार गुंफणे, वाती वळणे, दिवे उजळणे ही सगळी देवळातली सेवा त्यांच्याकडे. त्यांचा मुलगा शूलपाणि आणि अविरा एका वयाचे, एका बाकावरचे. एकाने दुसऱ्याला पोहायला शिकवले, दुसऱ्याने पहिल्याला गणित शिकवले. अविराला गणित शेवटपर्यंत आले नाही, ही गोष्ट वेगळी.

उलहन्नान गेला तेव्हा अविरा चोविसाचा होता. एक्केचाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचे आमंत्रण घेऊन तो गावभर फिरला. वारियरांचे घर शेवटी आले तेव्हा दिवस मावळत होता. शूलपाणि आत होता. त्याची आई बाहेर येऊन दोन शब्द बोलली, अविरा ओट्यावर घटकाभर टेकला आणि उठला. फाटकापाशी पोचून त्याने सहज मागे पाहिले. शूलपाणिची आई तांब्यातले पाणी घेऊन ओट्यावर शिंपडत होती. तो बसला होता तेथे.

त्याने कोणाला काही सांगितले नाही. पुढे लग्न झाल्यावर बायकोला, एलीला, एकदाच सांगितले, आणि वर बजावले की वारियरांचे नाव या घरात पुन्हा निघता कामा नये.

एक्केचाळिसाव्याला शूलपाणि आला. पंगतीत बसला, केळीच्या पानावरचा भात बोटांनी कालवून जेवला आणि वर पायसम मागून घेतले. ज्याच्या घरचा ओटा आपल्या बसण्याने विटाळतो, तो आपल्या घरी भात कसा जेवतो, हा प्रश्न अविराला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. मानी माणसाला अपमान एकदा दिसला की दुसरे काही दिसत नाही.

महिन्याभराने ध्वजाचा दिवस आला. देवळात चेंडा ढोल दोनदा वाजून गेला, तिसऱ्यांदा वाजू लागला, तेव्हा शूलपाणि धापा टाकत एण्णक्कलच्या कुंपणाशी आला.

“अविरा! ए अविरा! झोपलास का रे? तेल थांबलंय.”

“थांबू दे.”

“ताप आलाय का?”

“ताप नाही आणि काही नाही. मी साबणाची वडी नाही, शूलपाणि. तुमचं तेल धुवायला दुसरा कोणी बघा.”

शूलपाणि कुंपणापलीकडे बराच वेळ उभा होता. मग काही न बोलता गेला. अविराला वाटले, उत्तर नाही म्हणून गेला.

त्या वर्षी देवळाचे दिवे पहाटे लागायचे ते दुपार टळून गेल्यावर लागले. ‘नस्राणी येणार, माझा मित्र आहे,’ असे शूलपाणिने सगळ्यांपुढे छातीठोकपणे सांगितले होते. वर्षभरासाठी दिव्यांची सेवा त्याच्याकडून काढून घेतली. पुढच्या वर्षीपासून तेल कारखान्याच्या बंद डब्यांतून येऊ लागले. कोणाचा हात नाही, कोणाचा विटाळ नाही, आणि कोणाच्या बोटाची गरजही नाही.

पण दर ध्वजाच्या पहाटे शूलपाणि गोपुराबाहेरच्या दगडावर तेलाची एक पितळी वाटी ठेवी आणि तिच्यापाशी उभा राही. चर्चची वाट तेथूनच जाते. अविरा पहाटेच्या मिसाला जाताना ती वाटी पाही आणि मान फिरवी. त्याची समजूत अशी, की हा आपल्याला हिणवतो आहे.

त्या नकारापासूनच्या अडतिसाव्या उत्सवाच्या पहाटे दगडावर वाटी नव्हती.

मिसामध्ये अविराचे लक्ष लागले नाही. घरी येऊन उकडलेला टॅपिओका आणि मासळीचे कालवण पुढे आले, तरी तो नुसता चिवडत बसला.

“आज गोपुरापाशी कोणी नव्हतं,” तो अखेर म्हणाला.

एली पांढऱ्याशुभ्र मुंडूच्या निऱ्या सारख्या करत चुलीपासून उठली. “माहीत आहे. वारियरांना अर्धांग झालंय. आठ दिवस पेजही घशाखाली उतरत नाही.”

“मला कोणी बोललं नाही ते!”

“कसं बोलणार? नाव घ्यायला बंदी. मी काही विसरले नाही.”

“ज्यांच्या ओट्यावर माझ्यामागे पाणी पडतं, त्यांचं नाव मी कशाला घेऊ?”

“पुरे!” एलीने पळी भांड्यावर आपटली. “एक तांब्या पाणी पडलं तर एवढा अबोला! आणि घाणेवाला वेलप्पन? तेल त्यानं गाळलं, घाम त्यानं गाळला, आणि त्याच्या हातानं बाटलेलं तेल शुद्ध करायला तुमचे आजे-पणजे रुबाबात निघायचे. तो तिथंच लांब उभा असायचा. त्याला काय वाटत असेल, याची चौकशी केली होती का एण्णक्कलवाल्यांनी?”

अविराला राग आला, कारण बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती.

दुपार कलली तेव्हा फाटक वाजले. शूलपाणिची मुलगी सावित्री आली होती. ती पायरीखालीच थांबली.

“अविरा अच्चायन, बाबांनी एक विचारायला पाठवलंय. रागावू नका. बोलायला त्रास होतो त्यांना, पण सकाळपासून हेच चाललंय. ‘एण्णक्कलमध्ये जा आणि विचार, बोट शिल्लक आहे का?’ ” तिने आवाज खाली आणला. “डॉक्टर म्हणतात, आता दिवस मोजायचे.”

अविराने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. पन्नास वर्षे रबराच्या झाडांना चिरा देऊन ती तर्जनी वाकडी झाली होती, पण शिल्लक होती. हा माणूस डोळे मिटायच्या आत ती तेलात पडली नाही, तर मग ती कधीच पडणार नव्हती.

“छत्री दे,” तो एलीला म्हणाला.

“ऊन उतरलंय. छत्री कशाला?”

“मग काठी दे. काहीतरी दे हातात.”

शूलपाणिची खाट ओट्यावर आणून ठेवली होती. डावी बाजू निर्जीव झाली होती, तोंड एका अंगाला ओढले गेले होते, पण डोळे बाकावरचेच होते.

“आलास?” तो म्हणाला. “मला वाटलं, मी गेल्यावर येशील. समाचाराला.”

“माझे गुडघे बघ, मीच आधी जायचा होतो.”

“तू कसला जातोस! रबराचं झाड तू. रोज चीर पडते आणि रोज उभा.”

अविरा ओट्याच्या कडेला बसला. नेमका तेथेच, जेथे चोविसाव्या वर्षी बसला होता.  घराबाजूच्या सुपारीच्या सावल्या लांबल्या, अंगण करडे झाले, आणि टेकडीवरून चर्चची संध्याकाळची घंटा ऐकू आली. अविराचा हात सवयीने कपाळाकडे गेला.

सावित्री आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“अच्चायन, पाय जरा वर घ्या.”

तिने शिंपडायला सुरुवात केली. त्याच्या उजवीकडे, डावीकडे, बापाच्या खाटेखाली, उंबऱ्यावर, स्वतःच्या पायांपुढे. चार थेंब अविराच्या पावलांवर पडले. थंड होते.

“हे काय करतेस?” त्याने पाय तसेच वर धरून विचारले.

“दिवा बाहेर आणायचाय ना. ओटा कोरडा ठेवून दिवा कसा आणायचा?”

“रोज?”

“रोज. आई करायची, आजी करायची. तुमचं सगळं आयुष्य शेजारात गेलं अच्चायन, कधी पाहिलं नाहीत?”

पाहिले नव्हते. त्या घंटेला एण्णक्कलचे लहानथोर सगळे आपल्या घरात क्रूसापुढे गुडघे टेकलेले असत. पावसात, तापात, परीक्षेच्या आदल्या दिवशीही. वारियरांच्या घरी दिवा कसा लागतो, हे पाहायला त्या घडीला बाहेर राहिलेला नस्राणी या गावात मिळणे कठीण. अविरा आयुष्यात एकदाच राहिला होता, बापाच्या एक्केचाळिसाव्याचे आमंत्रण घेऊन फिरताना. आणि एकदाच मागे वळून पाहिले होते.

सावित्री आत गेली. मग अविराने सांगितले. फाटक, तांब्या, आई, सगळे. सांगताना तो शूलपाणिकडे पाहत नव्हता, ओल्या दगडाकडे पाहत होता.

खाटेवरून शूलपाणिने मान त्याच्याकडे वळवली.

“मी आत वाती वळत होतो,” तो म्हणाला. “विचारायचंस तरी, गाढवा.”

“तू तरी विचारायचंस. कुंपणाशी येऊन तसाच गेलास.”

“मला वाटलं, तुमच्या नव्या पाद्र्यानं मना केलं असेल. मूर्तीच्या दिव्याला हात लावू नको म्हणून. ते तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं मला.” त्याला दम लागला. “आणि आई पाणी शिंपडत नव्हती असं नाही. वेलप्पन येऊन गेला की वेगळं शिंपडायची, भर दुपारी. ते मी गप्प बसून पाहिलंय. तुझ्यासाठी नाही शिंपडलं कधी. ज्याच्यासाठी शिंपडलं तो कधी रागावलासुद्धा नाही. त्याला ती सोय नव्हती.”

“आणि ती वाटी? मला वाटायचं हिणवतोस.”

“हिणवायला कोण पहाटे चारला उठतं रे? तेल थांबलंय, एवढं तुला दिसावं म्हणून.”

अविराने दोन्ही हातांनी तोंड झाकले. अडतीस उत्सव. मधल्या वर्षांत त्याचे लग्न झाले, वारियरांकडचा मोगऱ्याचा हार आला नाही. शूलपाणिची बायको गेली, आणि अविरा नदीपलीकडच्या काठावर उभा राहून धूर पाहून परतला. आपला मुलगा कुवेतला गेला तेव्हा ज्याला सांगावेसे वाटले त्याच्याच दारावरून मुकाट्याने पुढे गेला. हे सगळे चार थेंब पाण्यासाठी.

सावित्री पेटवायचा पितळी दिवा घेऊन आली. तिच्या दुसऱ्या हातात ती वाटी होती.

“बाबा, हे डब्यातलंच तेल आहे हं. कोणाचा हात लागलेला नाही याला.”

“मला तेल शिकवू नकोस. त्याच्यापुढे धर.” शूलपाणिने उजवा हात कसाबसा उचलला. “आजचा धरून अडतीस उत्सव. एकही सोडायचा नाही. मी मोजतो, ह्याला गणित येत नाही.”

अविरा उठून उभा राहिला. पोत्तन, चुम्मार, उलहन्नान उभे राहत तसा, मुंडूचा सोगा खाली सोडून. त्याने वाकडी तर्जनी तेलात बुडवली.

“एक.”

बोट वर आले, पुन्हा गेले. शूलपाणि मोजत राहिला. दहापर्यंत आवाज ठणठणीत होता. पुढे तो खोल गेला. बाविसाला डोळे मिटले आणि आवाज थांबला. अविराचे बोट वाटीवर तसेच राहिले. एक थेंब खाली पडला. सावित्री घाबरून बापावर वाकली.

“का थांबलास?” मिटल्या डोळ्यांनी शूलपाणि पुटपुटला. “दारात थांबवू नकोस रे. तेवीस.”

पुढचे आकडे तिघांनी मिळून मोजले. टेकडीवरची घंटा केव्हाच शांत झाली होती. एण्णक्कलच्या घरात एली क्रूसापुढे एकटीच गुडघे टेकून असेल, आणि तिने आज दार उघडे ठेवले असेल, हे अविराला न पाहता कळत होते.

“सदतीस,” सावित्री म्हणाली.

शेवटच्या वेळी बोट त्याने सावकाश बुडवले, तळाला लागेपर्यंत. वाटी सावित्रीने दिव्यात रिकामी केली आणि वात लावली. ओला ओटा उजळला.

“अडतीस,” शूलपाणि स्पष्ट म्हणाला. “सांग पोत्तनला. फिटलं.”