वाचनखोलीतला माउस आणि गाढवांचे त्रैमासिक

घाबरू नका मित्रांनो, मी चावत नाही. गुरांचे डॉक्टर घडवणाऱ्या एका महाविद्यालयात, ग्रंथालयाच्या वाचनखोलीत, खिडकीजवळच्या संगणकाला जोडलेला मी एक जुना माउस. नाव उंदराचे, शेपूटही उंदराची. पण आजवर एकाही मांजराची माझ्याकडे वाकड्या नजरेने बघायची छाती झालेली नाही. एक बोका आला होता. माझ्या पोटातला लाल दिवा पाहून तो जो पळत सुटला, तो अजून पळतोच आहे. खोटे वाटत असेल तर त्याला गाठून विचारा.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही हजारो भावंडे ओळीने जगात आलो, पण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, कारण तोंडच कोणाला नव्हते. मला वाचा फुटली ती पुढे, माणसांच्या हातांच्या संगतीने. माणसाचा चेहरा लबाडी करतो मित्रांनो, तळहात करत नाही. परीक्षेच्या भीतीने घामेजलेले हात मी ओळखतो, वाचता वाचता पेंगणारे हातही ओळखतो. एक जण तर खाऊन हात न धुता बसायचा. त्याचे नाव सांगत नाही. तो आता मोठा साहेब झाला आहे.

कौतुकही माझ्या वाट्याला आले. ग्रंथपालबाई एकदा चारचौघांत म्हणाल्या, "जुना आहे, पण कामाचा आहे." त्या दिवशी मी असा फुगलो की माझी कळच कोणाला दाबता येईना! पुढे वय झाले आणि तीच डावी कळ सैल पडली. एकदा दाबली की दोनदा वाजू लागली. म्हातारी माणसे एकच गोष्ट दोनदा सांगतात ना, त्यातलाच प्रकार.

आता मुद्द्याचे ऐका. आमच्याकडे कागदी मासिके येणे केव्हाच थांबले. सगळी पडद्यावर येतात, आणि कोणते किती वेळा उघडले याचा आकडा आपोआप नोंदला जातो. वर्ष सरत आले की ते आकडे ग्रंथपालबाई बघतात. ज्याचा आकडा लहान, त्याची वर्गणी बंद. यंदा एकाला कात्री लागणार होती, आणि नेमकी मान पुढे आली 'गर्दभारोग्य' या त्रैमासिकाची. गाढवांच्या दुखण्याखुपण्यावर एवढे एकच नियतकालिक आमच्याकडे होते. ते वाचणारे आणि शिकवणारे प्राध्यापक म्हणजे सगळ्या आवाराचे लाडके गाढवडॉक्टर. ते ग्रंथपालबाईंचे सख्खे दीर.

एके सकाळी माझ्याच टेबलाशी बाईंनी त्यांना गाठले.

"भाऊजी, नऊ."

"नऊ काय, वहिनी?"

"वर्षभरात तुमचं गाढव नऊ वेळा उघडलं."

"माझं गाढव म्हणू नका हो. लोकांना वाटेल, दादाबद्दल बोलताय."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. "आणि हे 'अंडी-उबवणी वार्ता' बघा. सहा हजार!"

"सहा हजार? या कॉलेजात अंडी उबवतंय तरी कोण?"

"ते मला काय माहीत? आकडा तसं सांगतोय. नऊवालं ठेवलं तर उद्या लोक म्हणतील, बाईंनी दिराचं गाढव पोसलं. शुक्रवारी समिती बसणार आहे."

गाढवडॉक्टरांचा आवाज उतरला. "वहिनी, वीटभट्टीवरच्या गाढवांचे खूर सडायला लागलेत. पोरांना घेऊन मी रोज तिथे जातो. नवे उपचार याच अंकांत येतात. हे बंद झालं तर त्या मुक्या जिवांना देऊ काय? गूळ?"

"त्यांना त्याची चव नसते म्हणतात," बाई म्हणाल्या खऱ्या, पण जाताना त्यांची पावले जड पडत होती.

मी मनाशी म्हटले, अरे, आपली कळ दोनदा वाजते ती कशासाठी? नवाचे नव्वद करतो की नाही बघा! दुपारी गाढवडॉक्टरांनी त्रैमासिक उघडायला कळ दाबली मात्र, मी सारा जीव एकवटून टकटक टकटक असा ताशाच लावला. रात्रभर त्या आनंदात माझा दिवा विझला नाही.

सकाळी आकडा पाहिला तर दहा!

मला तपासायला आलेल्या दुरुस्तीवाल्याला बाई सांगत होत्या, "एकाच माणसाने लागोपाठ दाबलं तर मोजणारे ते एकदाच धरतात. नाहीतर असल्या खुळखुळ्याने कोणालाही मोठं केलं असतं."

खुळखुळा! मला!

"टाकून द्या हा. नवा बसवतो," दुरुस्तीवाला म्हणाला.

"आज नको. आज मला इथे बसून बघायचंय, ही अंडी उघडतं कोण." आणि बाई शेजारच्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या.

एक हात आला. त्याने यादीतले पहिले नाव दाबले. अंड्यांचे पान उघडले. "चालू आहे इंटरनेट," म्हणत त्याने ते मिटले आणि आपले दुसरेच काम काढले. दुसरा हात आला, त्यानेही तेच केले. तिसऱ्याला बाईंनी मनगटालाच धरले.

"काय रे, अंड्यांचा अभ्यास का?"

"कसली अंडी बाई? यादीत सगळ्यात वर आहे म्हणून दाबतो. उघडलं की समजायचं, इंटरनेट आहे."

बाईंनी कपाळावर हात मारला.

मग गाढवडॉक्टरांचा वर्ग आला. डॉक्टरांनी काल उघडून ठेवलेले 'गर्दभारोग्य' पडद्यावर पुढे आणले आणि पंधरा-वीस डोकी पडद्याभोवती गोळा झाली. कोणी खुर्चीवर, कोणी खिडकीत, एकजण तर दुसऱ्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून. त्यांचा नियम असा, की सगळ्यांत हळू वाचणारा "झालं" म्हणेपर्यंत पान हलवायचे नाही. सगळ्यांत हळू वाचणाऱ्याला ते लाडाने गोगलगाय म्हणत. गोगलगाय "झालं" म्हणाली आणि डॉक्टर माझे चाक फिरवणार, तोच मागून आवाज आला, "अहो भाऊजी, थांबा! माझं व्हायचंय अजून."

सगळ्यांनी वळून पाहिले. टाचा उंचावून बाई खुराचे चित्र पाहत होत्या.

"हे रोज असं चालतं?" त्यांनी विचारले.

"एक अंक उघडला की तो संपेपर्यंत आठवडेच्या आठवडे उघडाच असतो, वहिनी. बंद करायचं कारणच काय?"

"कारण मला तो एकच दिसतो! वाचणारे वीस आणि आकडा एक. आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही आकडा सांगितलात."

पण दिराच्या शब्दावर निर्णय घेतील त्या बाई कसल्या! शुक्रवारपर्यंत त्या खोलीतल्या प्रत्येक संगणकाशेजारी बसल्या आणि कोणते नियतकालिक कसे वाचले जाते, ते डोळ्यांनी पाहिले.

समिती आमच्याच खोलीत बसली. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, दहावालं ठेवायचं आणि सहा हजारवालं काढायचं? तब्येत बरी आहे ना?"

"साहेब, दार किती वेळा उघडलं ते आकडा सांगतो. पोटभर जेवून कोण गेलं आणि नुसतं डोकावलं कोणी, ते उठून बघावं लागतं."

"मीच बघतो," म्हणत अध्यक्षांनी मला हातात घेतले, यादीतले पहिले नाव दाबले आणि समाधानाने मान डोलावली. "हं, इंटरनेट आहे."

मग जो हशा पिकला मित्रांनो, त्याने खिडकीच्या काचा तीन दिवस थरथरत होत्या. अध्यक्ष स्वतःच इतके हसले की चष्मा घरंगळून माझ्या पाठीवर आला. अंड्यांना निरोप मिळाला आणि गाढवे राहिली. पुढच्या अंकातल्या उपचाराने भट्टीवरच्या एका गाढवाचा खूर असा बरा झाला, की त्याने आनंदाने झाडलेली लाथ थेट गाढवडॉक्टरांच्या मांडीला लागली. डॉक्टर लंगडत आले आणि ती लाथ सगळ्यांना अभिमानाने दाखवत हिंडले.

मलाही टाकले नाही. बाईंनी माझी कळ नीट करून घेतली. आता मी एकदाच वाजतो, पण खणखणीत.

तर मित्रांनो, माझे एवढे ऐका. कोणाचीही किंमत आकड्यावरून करण्याआधी, जरा शेजारी बसून बघा. जे उघडाल ते वाचा. हात धुऊन या. आणि मला शेपटीला धरून ओढू नका हो, दुखते.