कोपराखाली चार बोटं

"हात वाकव जरा. असा नाही गं, कणीक मळताना धरतेस तसा. कोपर दिसू दे."

दवाखान्याच्या खाटेवर उताण्या पडलेल्या बायकोच्या टाचेला मिस्त्रींनी आपली लाकडी पट्टी टेकवली आणि एक डोळा मिटून ते तिच्या कोपराकडे पाहू लागले. उजव्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तिसराच दिवस होता. पाय उशांमध्ये जखडलेला, त्यामुळे त्यांनी धड पायाची टाच धरली होती. एवढ्यात सिस्टर आत आल्या.

"आजोबा, हे काय चाललंय? पेशंटला हलवायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"हलवत नाहीये हो. मोजतोय."

"मोजताय?" सिस्टरचा चेहराच उतरला.

"घाबरू नका, सिस्टर," बायको पडल्यापडल्या म्हणाली. "तिरडीचं माप नाही ते. स्वयंपाकाच्या ओट्याचं आहे. एकतीस वर्षांनी आठवण झालीय. वरातीमागून घोडं!"

सिस्टर हसल्या. मिस्त्री हसले नाहीत. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी पट्टीवर खूण केली आणि त्या खुणेखाली आपली चार बोटं आडवी ठेवून दुसरी. "दहा दिवसांनी सोडतील तुला. त्याच्या आत जुना ओटा फोडतो आणि नवा घालतो. तुझ्या मापाचा. आता त्या ठोकळ्यावर चढायचं नाही. ऐकतेयस ना?"

बायकोने खिडकीशी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. लेक पाठ फिरवून बाहेर बघत राहिली.

"ऐकतेय," बायको म्हणाली. "नीट घ्या माप. घाई करू नका."

ती पट्टी म्हणजे मिस्त्रींची अर्धी अब्रू होती. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची घरं बांधली आणि घर बांधण्याबद्दल त्यांची मतं अशी ठाम, की मालकाने नकाशा उलगडायच्या आत हे विचारायचे, "घरात माणसं किती? म्हातारं कोण? ओट्याशी उभं कोण राहणार?" लोक आधी भिंती आखतात आणि मग त्यांत माणसं कोंबतात, याचा त्यांना भारी राग. पायरी सहा इंचांच्या वर चढवली तर घरातली म्हातारी खालीच अडकते. खिडकी उभ्या माणसासाठी नसते, बसलेल्या आणि निजलेल्या माणसासाठी असते. पाया पुरला जातो, म्हणून पायात चोरी करू नये. आणि ओटा? ओट्याशी राबणाऱ्या माणसाला उभं करायचं, हात वाकवायला सांगायचं, कोपराखाली चार बोटं सोडायची आणि तिथे फरशी बसवायची. वर गेली तर खांदे भरून येतात, खाली गेली तर कंबर जाते. "पाहुणा बैठक बघून जातो हो," ते मालकांना सुनवायचे. "जन्म काढायचा असतो ओट्याशी."

प्रत्येक घरच्या बाईच्या कोपराची खाच त्या पट्टीवर होती. ही शाळेतल्या बाईंची, ही टेलरीणबाईंची, ही जाड्या दुकानदाराच्या बारक्या बायकोची. एका घरात दोन जावा, एक उंच आणि एक ठेंगणी. तिथे मिस्त्रींनी दोन उंचींचा ओटा घातला आणि घरातली निम्मी भांडणं मिटली, असं त्या घरचा थोरला गावभर सांगत फिरायचा. पट्टीवर त्रेसष्ट खाचा होत्या. स्वतःच्या बायकोची एकही नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

घर बांधलं तेव्हा मिस्त्रींची आई होती. उंचनिंच, खांद्याने रुंद बाई. ओटा तिच्या कोपराने झाला आणि तेव्हा ते बरोबरच होतं, चूल तिच्या हातात होती. सून आली ती तिच्या खांद्याला लागणारी. ओटा तिला सहा इंच वर पडायचा. "चार दिवस चालवून घे," असं म्हणून मिस्त्रींनी उरलेल्या फळ्यांचा सहा इंचांचा एक ठोकळा ठोकून दिला. नऊ वर्षांनी आई गेली. बायकोने तेव्हा एकदा विचारलं. "आईचा ओटा आहे गं," मिस्त्री डोळे पुसत म्हणाले, "एवढ्यात फोडवत नाही." काही वर्षांनी तिने पुन्हा विचारलं. त्या खेपेला त्यांनी खरोखर सिमेंटची गोणी आणून ठेवली. पण तेवढ्यात मोठं काम आलं आणि ओल लागून गोणीचा दगड झाला. बायकोने तो नळाखाली लावला आणि त्यावर कपडे आपटू लागली. "कशाला तरी आली बाई उपयोगी," असं म्हणायची. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही.

आणि आता त्या ठोकळ्यावरून उतरताना, हातात तापलेलं पातेलं असताना, तिचा पाय घसरला होता.

मिस्त्रींचं वय सदुसष्ट. हाताखाली कुणालाही घेतलं नाही. छिन्नी लावून एकट्याने ओटा फोडला. स्वतःचंच काम, जीव ओतून केलेलं, निघता निघेना. दुसऱ्या दिवशी ठोकळा उचलून बाहेर टाकायला गेले आणि उजेडात त्यांनी तो पहिल्यांदा नीट पाहिला. वरच्या फळीवर दोन ठिकाणी लाकूड झिजून खोल गेलं होतं, पावलांच्या आकाराएवढं. कडेला एक बारकी चिंधी खिळ्याने ठोकलेली होती. फळी सरकू नये म्हणून तिनेच कधीतरी ठोकली असणार. मिस्त्रींनी तो टाकला नाही, परत आत आणून कोपऱ्यात ठेवला.

लेक डबा घेऊन आली तेव्हा ते फरशीला लेव्हल बघत होते.

"बाबा, जरा बसा ना. बोलायचंय. डॉक्टर म्हणत होते की..."

"डॉक्टरांना म्हणावं, एक दिवस इकडेतिकडे झाला तरी चालेल. सिमेंट घाईत आवळत नाही."

"तसं नाही हो बाबा. आईचं हाड..."

"ही बाजू धर बघू. बुडबुडा मध्ये आला का?"

लेकीने फरशीची कड धरली. बुडबुडा मध्ये आला होता. बापाच्या कपाळावर घामाने चिकटलेली पांढरी धूळ आणि त्याखालचे लहान मुलासारखे आनंदी डोळे तिला दिसले. "आलाय मध्ये," एवढंच ती म्हणाली.

अकराव्या दिवशी गाडी दारात आली. दोघा माणसांनी बायकोला चाकाच्या खुर्चीत बसवून आत आणलं. पंधरवड्यात ती केवढीशी झाली होती! मिस्त्री पुढे पुढे धावत होते.

"आधी पलंगावर निजवा," लेक म्हणाली.

"आधी स्वयंपाकघर," बायको म्हणाली.

ओटा देखणा झाला होता. काळी फरशी पुसून लख्ख केलेली, कडा गोल घासलेल्या, पीठ भिंतीकडे जाऊ नये म्हणून मागे बोटभर उठाव. बायकोने खुर्ची जवळ घ्यायला सांगितली. तिचे गुडघे ओट्याखालच्या भिंतीला टेकले आणि खुर्ची थांबली. फरशी तिच्या छातीशी आली. तिने हात वर उचलून तळवा फरशीवर ठेवला आणि हळूहळू फिरवला. कोपर खांद्याच्या रेषेत गेलं होतं.

"गुळगुळीत केलाय हो अगदी," ती म्हणाली.

"तू उभी राहिलीस ना, की बघ. बरोब्बर चार बोटं. किती दिवस म्हणाले डॉक्टर? महिना?"

लेकीने पदर तोंडाला लावला.

"अहो," बायको म्हणाली, "हाड भुसभुशीत झालंय. स्क्रू धरत नाही त्यात. मी काही आता उभी राहायची नाही."

मिस्त्री आळीपाळीने दोघींकडे बघत राहिले. "कधी सांगितलं हे?"

"ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या? आणि मी तिसऱ्या दिवशी... मी तिथे पट्टी घेऊन... तुला माहीत होतं? आणि तू हात वाकवून दिलास मला?"

"मग काय करू!" तिचा आवाज एकदम फाटला. "एकतीस वर्षांनी माझं माप घेत होतात तुम्ही. माझ्या हाताला धरून, एक डोळा मिटून. सगळ्या गावातल्या बायकांचं घेतलंत, मी लांबून बघायची. मला म्हणवलं नाही हो, की नको म्हणून."

मिस्त्रींनी हात ओट्यावर टेकले. त्यांची नजर तिच्या कोपरावरून फरशीवर आणि फरशीवरून पुन्हा कोपरावर गेली. नजरेनेच मोजायची त्यांची सवय कुठे जाते? सहा इंच. ओटा पुन्हा सहा इंच वरच होता. भिंतीला डोकं लावून ते मोठ्याने रडले. आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

सकाळी ते उठले, चहासुद्धा न घेता पट्टी घेऊन खुर्चीपाशी आले. "हात वाकव."

"अहो, पुरे आता. तुमची कंबर..."

"वाकव म्हणतो ना."

बसलेल्या माणसाला चार बोटांचा नियम चालत नाही, गुडघे अडतात. कोपराच्या पातळीवरच फरशी घ्यायची आणि खालून सगळं मोकळं ठेवायचं, म्हणजे खुर्ची आत शिरते. चाळीस वर्षांत असा ओटा त्यांनी घातला नव्हता. खालची भिंत काढली, दोन्ही अंगांना लोखंड रोवून त्यावर तीच काळी फरशी बसवली. बायको दारात खुर्चीवर बसून मुकादमगिरी करत होती. "डावीकडे पाणी साठेल बघा. उतार द्या थोडा." "तू मला शिकवू नकोस." "मग कोण शिकवणार? तुम्हाला सगळे घाबरतात." त्या चार दिवसांत दोघं जेवढं बोलले, तेवढं गेल्या चार वर्षांत बोलले नव्हते.

ओटा वाळला तशी ती आत शिरली. पहिल्या दिवशी चहा, मग भाजी, मग हट्टाने कणीक. खांदे खाली, कोपर सैल. "अगं बाई," ती म्हणाली, "हे इतकं सोपं असतं होय!" मिस्त्रींना ते वाक्य सुखाचं वाटलं आणि काट्यासारखं रुतलंही. मिस्त्रींनी पट्टीवर चौसष्टावी खाच पाडली.

एकोणीस दिवस तिने त्या ओट्यावर स्वयंपाक केला. विसाव्या दिवशी ताप आला, छातीत कफ भरला. पडून राहणाऱ्यांना होतं म्हणे. पुन्हा दवाखान्यात जायला ती तयार नव्हती. शेवटच्या संध्याकाळी तिने मिस्त्रींना जवळ बोलावलं.

"एक ऐकाल का? तो ओटा माझी आठवण म्हणून ठेवू नका."

"काहीतरीच काय बोलतेस."

"ऐका. सासूबाई होत्या तोवर मी त्यांच्या मापावर उभी राहिले. त्या गेल्यावर त्यांच्या आठवणीवर. ओटा राबत्या माणसाचा असतो, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? मग ते घरीसुद्धा पाळा."

मिस्त्रींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मान हलवणं सोपं होतं. खुर्ची परत गेली, ओटा राहिला. मिस्त्री रोज वाकून चहा करायचे, वाकून भात टाकायचे, कंबरेला पट्टा बांधायचे आणि मोडक्या नळापासून पेन्शनपर्यंत सगळ्यावर चिडायचे. लेक दर रविवारी यायची. अंगकाठी आजीवर गेलेली, त्यामुळे तीही कंबरेत दुमडून भाजी चिरायची. एका रविवारी चिरता चिरता तिने पाठीवर हात ठेवला आणि डोळे मिटून क्षणभर तशीच उभी राहिली. बिनबोभाट. तिची आई खांदे चोळायची, तीही अशीच.

मिस्त्री दारातून बघत होते. ते आत वळले आणि पट्टी घेऊन आले.

"सुरी ठेव खाली."

"माझं माप नको, बाबा. मी आठवड्यातून एकदा येते."

"तुझं नाही. इथे रोज राबतो कोण? मीच ना?" त्यांनी पट्टी तिच्या हातात दिली. "माझं घे. आजवर कुणी घेतलेलं नाही."

लेकीने पट्टी त्यांच्या टाचेशी टेकवली. पट्टीवरून तिची नजर वर चढत गेली आणि आईच्या खाचेपाशी अडली. तिथून ती हलेना. मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड केलं. कोपऱ्यात ठोकळा होता आणि त्यावर छिन्नी आणि हातोडा, सकाळीच आणून ठेवलेले.

"हात वाकवा, बाबा," ती शेवटी म्हणाली. "कोपर दिसू दे."

त्यांनी हात वाकवला. कोपराखाली तिने आपली चार बोटं आडवी धरली आणि पेन्सिल टेकवली. रेघ सरळ येईना.

"हलवू नका ना हात."

"मी कुठे हलवतोय," मिस्त्री म्हणाले. "काढ तू रेघ."