मामांचा स्पीकर

जंगलाच्या फाटकावर पिशव्या तपासून वनरक्षक तरुणी वैतागली होती. सकाळपासून बारा स्पीकर काढून घेतले, आणि तेरावा निघाला तो सख्ख्या मामांच्या पिशवीत.

"अगं, तुला अंगाखांद्यावर खेळवलंय मी!"

"मामा, घरट्यांत पिल्लं आहेत. गाणी घरी ऐका."

मामा फुगून तिथेच बसले आणि झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन लावत सुटले. तासाभरात आईचा फोन आला. "देऊन टाक बाई, डोकं खाल्लंय त्याने माझं!"

"माझं काय कमी खाल्लंय?" असं म्हणून तिने स्पीकर कपाटात कुलूपबंद केला. शेवटी मामा तणतणत रिकाम्या हातांनी आत गेले. तिने हुश्श केलं, तोच झाडीतून मामांचं गाणं ऐकू आलं, तेही खड्या आवाजात. कपाळावर हात मारून ती त्यांच्यामागे धावली.