गळलेला 'व'

लग्नासाठी छापून आणलेल्या चाळीस कांगा कापडांचं गाठोडं अंगणात सुटलं तेव्हा म्वानाहावाने चष्मा लावला नव्हता. गरजच काय? काठावरची ओळ तिनेच लिहून पाठवली होती. पांगानी गावच्या बायका तोंडाने जे बोलत नाहीत ते कांगाच्या काठावर छापतात आणि कमरेला गुंडाळून गल्लीभर फिरवतात. म्वानाहावाला तर या सोयीची फारच गरज होती.

"वहिनी," नणंद पिली कापड उलटसुलट करत म्हणाली, "लग्न मुलाचं आहे की तुझं?"

"म्हणजे?"

"यावर लिहिलंय, 'करीबू म्के वांगू'. ये गं, माझ्या बायको."

अंगणातल्या बायका हसत एकमेकींच्या खांद्यांवर कोसळल्या. म्वानाहावाने चष्मा शोधला. हवं होतं 'म्क्वे', म्हणजे सूनबाई. मधला 'व' गळला आणि सुनेची बायको झाली. दोष छपाईवाल्याला द्यावा, तर त्या बिचाऱ्याने दार-ए-सलामहून फोन करून विचारलं होतं, "आई, 'म्के'च ना? नक्की?" आणि हिने ठणकावलं होतं, "लिहिलंय तस्संच. माझं अक्षर सुधारू नकोस!"

हसण्यावारी न्यायला म्वानाहावाला जड जात होतं. मुलगी नदीपलीकडची, रिझिकी, फेरीबोटीवर तिकिटं फाडणारी. तिची आत्या झैतुनी हिने एका लग्नात म्वानाहावाच्या पुलावाला चिखल म्हटलं होतं. त्या एका पुलावापायी म्वानाहावाने दोन वर्षं मुलीचं नाव तोंडातून काढलं नाही. 'ती बोटीवरची' एवढंच. शोमारीने आईशी वाद घातला नाही. काही काम नसताना रोज नदी ओलांडत राहिला, एवढंच. शेवटी म्वानाहावा नमली. पण 'चुकले' म्हणायला जीभ वळेना. म्हणून ही ओळ. आणि आता ही अशी!

"पेनाने 'व' घालू," ती म्हणाली. पहिल्या कांगावर घातला. शाई पसरून त्याचा खेकडा झाला.

"आता 'ये गं, माझ्या खेकडे'," पिलीने वाचलं.

"पिले, थोबाड फोडीन तुझं!"

तेवढ्यात फाटकाशी ढोल वाजला. नवरीकडची मंडळी आली, सगळ्यांत पुढे झैतुनी. तिला चष्मा लागत नव्हता. काठावरून नजर फिरवून ती गोड आवाजात म्हणाली, "विहीणबाई, आमच्या पोरीला एकच नवरा ठरला होता ना?"

म्वानाहावाला खेकड्याच्या बिळात शिरावंसं वाटलं.

आतल्या खोलीतून सासरे आले. कोम्बो म्हातारे ऐंशी पार केलेले, काठी उजव्या हातात, आणि कमरेला तोच कांगा गुंडाळलेला.

"मामंजी, तुम्ही आत बसा हो," म्वानाहावा पुटपुटली.

"का बसू? ओळ माझी आहे!" म्हाताऱ्याने काठी आपटली. "नातसुनेला बायको म्हणायचा हक्क आजोबाचा. आमच्यात पूर्वीपासून आहे, की तुमच्या काठावरचा नदीने वाहून नेला? मीच सुनेला म्हटलं, माझ्या नावाने छाप. ये गं बायको! तो शोमारी तुझा धाकटा नवरा. पाणी तो भरील."

"आणि नवरीला मेहेर काय द्याल, आजोबा?" झैतुनीने हसू दाबत विचारलं.

"तीन दात आहेत. दोन तिचे."

झैतुनी फसकन हसली. मग तिलाच आवरेना. शोमारी म्हणाला, "आजोबा, निदान पाणी तरी अर्धं-अर्धं!" आणि ढोलवाल्याचाही ताल चुकला.

रिझिकी हसता हसता डोळे पुसत म्वानाहावापुढे येऊन उभी राहिली. "आजोबांचं कळलं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला काय लिहायचं होतं?"

झैतुनीचे कान टवकारले. जी ओळ कापडाकडून वदवून घ्यायची, ती आता स्वतःच्याच तोंडाने म्हणायची पाळी आली. म्वानाहावाने घसा खाकरला.

"करीबू, रिझिकी," ती म्हणाली. मुलीचं नाव तिच्या तोंडून प्रथमच निघालं. पुढचा शब्द तिने इतका जपून उच्चारला की जणू तो हातातून सांडेल. "म्क-व्वे. म्क-व्वे वांगू."

"वहिनी, दोन 'व' झाले," पिली म्हणाली.

"एक कापडावरचा राहिला होता ना," म्वानाहावा म्हणाली, आणि खेकडावाला कांगा निवडून तिने सुनेच्या खांद्यावर घातला.