पद्माबाईंची जास्तीची अर्धी गोळी

रत्नागिरीची लेक लखनऊत आली म्हणून हापूससाठी रडत बसेल? छे! पद्माबाई दर जूनला मलिहाबादच्या दशहरीची आंबापोळी घालायच्या आणि महानगर मोहल्ल्यातल्या आपल्या घराच्या गच्चीवर वाळवायच्या. यंदा मात्र रसाचं ताट घेऊन त्या जिन्यात अर्ध्यावरच बसल्या. छाती धडधडली, हात लटलट कापले, ताट कलंडलं आणि रस पायऱ्यांवरून ओघळला.

हे कळताच पुण्याहून मुलाचा, समीरचा फोन आला. "आई, अब बस. घर विका आणि इकडे या, इथे लिफ्ट आहे."

घर सोडायचं म्हणताच बाईंनी फोनच ठेवून दिला. त्यांचे यजमान सदाशिवराव, रेल्वेतले निवृत्त इंजिनियर, पेपर उघडून बसले. त्याचा तर बाईंना जास्तच राग आला.

आता खरी गोम ऐका. चाळिशीत बाईंच्या शरीरानं स्वतःच्याच थायरॉइडशी वैर धरलं होतं. तेव्हाही अशाच थकल्या होत्या, डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी वाढवली आणि बाई पुन्हा टुणटुणीत झाल्या. तेव्हापासून थकवा म्हणजे गोळी कमी पडली, हे डोक्यात पक्कं! म्हणून एकाहत्तराव्या वर्षी थकवा आल्यावर त्या कुणालाही न विचारता रोज अर्धी गोळी जास्त घेऊ लागल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अम्माजी, गोली किससे पूछकर बढ़ाई?"

"पहले बढ़ाने से ही तो ठीक हुई थी."

"तब आप चालीस की थीं." मग त्यांनी नीट समजावलं. वय वाढलं, वजन उतरलं, की बऱ्याच जणांना गोळी कमी पुरते. ती जास्त झाली की हृदय पळत सुटतं, हाडं झिजतात आणि माणूस उलट थकतो.

बाईंना भयंकर शरम वाटली. रिक्षात सदाशिवराव हळूच म्हणाले, "जुन्या इंजिनाला वाफ बेतानं द्यावी, हे मला तरी कळायला हवं होतं."

"जुनं इंजिन कुणाला म्हणता हो?" बाई कडाडल्या, आणि दोघंही हसत सुटले.

त्या संध्याकाळी त्यांनी समीरला सांगितलं, "मला एक आंब्याचा मोसम दे. पुढच्या जूनला जिना चढले नाही, तर घर मी स्वतः विकीन."

गोळी हळूहळू कमी झाली, दर खेपेला रक्त तपासून. छातीतली धडधड शमायला दिवाळी उजाडली. गुडघे तेवढे कुरकुरत राहिले, त्यावर गोळी नव्हती.

जून आला, आणि समीरही आला. "आई, दे इकडे, मैं ले जाता हूँ."

"बाजूला हो."

बाई रसाचं ताट घेऊन निघाल्या. मधल्या वळणावर थांबल्या. समीरनं श्वास रोखला. त्यांनी पदर सावरला आणि पुढे चढल्या. गच्चीवर रस पसरताना हात जरासुद्धा कापला नाही. सदाशिवरावांनी डोळे पुसले आणि ऊन लागल्याची सबब सांगितली.

"बोल आता," बाई समीरला म्हणाल्या.

समीरनं ताटाच्या कडेचा रस बोटानं चाटला. "दिवाळीला मीच येतो, आई. थोडी आंबापोळी ठेव माझ्यासाठी."