डबा ओढणारी गाडी

उजव्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. डॉक्टरांनी हात टेकले, परवान्याच्या कचेरीत साहेबांनी मान हलवली, आणि उभा जन्म लांब पल्ल्याचे ट्रक चालवण्यात घालवलेला माणूस घरी बसला. गल्लीत अजूनही सगळे त्यांना ट्रकवालेच म्हणत. पूर्वी हे नाव ऐकून त्यांची छाती फुगायची. आता ते टोचायचं.

घराच्या बाजूला ताडपत्रीखाली त्यांचा डबा उभा होता. डबा म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं छोटंसं घर. आत झोपायचे बाक, एक शेगडी, एक बेसिन आणि पडदे लावलेल्या दोन खिडक्या. लेक लहान असताना दर सुट्टीत ट्रकवाले तो जोडून कुठल्यातरी तळ्याकाठी, डोंगराच्या पायथ्याशी न्यायचे. पुढे ओढणारी गाडी भंगारात गेली. डबा तेवढा राहिला.

त्या सुट्टीत लेक दोन्ही मुलींना घेऊन माहेरी आली होती. जावई जहाजावर नोकरीला, तो काही लवकर येणार नव्हता. पहिल्याच दिवशी धाकट्या नातीने ताडपत्रीखाली डोकं घातलं आणि ओरडली, ‘‘आजोबा, आत घर आहे! आपण यातून कधी जायचं?’’

‘‘विकायचाय तो,’’ ट्रकवाले म्हणाले.

त्यांची बायको भांडी विसळत होती. ती एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती आणि सगळी गल्ली तिला नुसतं ‘बाई’ म्हणायची. हात पुसत बाई बाहेर आल्या.

‘‘कोणी ठरवलं विकायचं?’’

‘‘अगं, पण ओढणार कोण?’’

‘‘मी.’’

ट्रकवाले हसले. मग बाईंचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. बाई गाडी चालवायच्या, पण ती इवलीशी, घर ते दुकान आणि दुकान ते घर. त्या गाडीला डबा जोडणं म्हणजे शेळी नांगराला जुंपण्यासारखं होतं.

‘‘गाडी मोठी घ्यावी लागेल,’’ ट्रकवाले म्हणाले.

‘‘मग घेऊ या. ही देऊन टाकू.’’

ठरलं म्हणता ठरलं. पण कुठली घ्यायची यावर घरात तीन पक्ष झाले. ट्रकवाल्यांना हवा होता एक अजस्र जीपगाडा, ज्याच्या बॉनेटवर दोन माणसं जेवायला बसली असती. बाई त्यात एकदा चढून बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘अहो, मला यातून फक्त आभाळ दिसतंय.’’ तो विषय तिथेच संपला. लेकीला आवडली होती एक नवी, आटोपशीर, मोत्याच्या रंगाची गाडी. इंजिन जोरदार, छताला काच, नाती तर आत बसल्या त्या उतरेचनात.

बाईंचं काही ठरेना. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचायची सवय, तशा त्या प्रत्येक गाडीचं दार उघडून चौकटीवरची वजनाच्या मर्यादेची पट्टी वाचत बसायच्या.

‘‘ही केवढं वजन ओढेल?’’ त्यांनी मोत्याच्या रंगाच्या गाडीपाशी विचारलं.

‘‘तुमचा डबा आरामात ओढेल, बाई,’’ गाड्यांचा व्यापारी म्हणाला. माणूस बोलका होता, पण लबाड नव्हता.

‘‘रिकामी असताना की आम्ही पाचजण आणि सामान भरल्यावर?’’

व्यापाऱ्याने डोकं खाजवलं. ‘‘हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. असं करा, तुमचा डबा इथे आणतो आणि तुम्हीच चालवून बघा.’’

त्याआधी बाईंना डबा ओढायला शिकायचं होतं. व्यापाऱ्याने एक जुनी मालवाहू गाडी वापरायला दिली आणि गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. पुढे जाणं बाईंना पटकन जमलं. मागे घेणं म्हणजे मात्र दिव्य होतं. स्टिअरिंगचं चाक उजवीकडे फिरवलं की डबा डावीकडे पळायचा, आणि सावरायला जावं तर गाडी आणि डबा मध्येच काटकोनात दुमडून बसायचे. ट्रकवाले खिडकीशी वाकून ओरडायचे, ‘‘उलटं! उलटं गं! अगं, किती वेळा सांगू!’’

तिसऱ्यांदा तसं झाल्यावर बाईंनी इंजिन बंद केलं.

‘‘तुम्ही ओरडलात की माझे हातच चालत नाहीत. तुम्ही लांब जाऊन उभे राहा.’’

‘‘आणि काय करू?’’

‘‘काही नको. गप्प राहा.’’

आयुष्यात ट्रकवाल्यांना कोणी असं सांगितलं नव्हतं. ते तणतणत मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहिले. तिथून त्यांना दिसलं की बाई चाक वरून धरतायत, आणि सगळा घोळ तिथेच होतोय. थोड्या वेळाने ते परत आले. या वेळी आवाज खाली होता.

‘‘चाक खालून धरून बघ. डब्याचं बूड जिकडे न्यायचंय तिकडे हात ने. बाकी सगळं विसर.’’

बाईंनी हात खाली घेतला. डबा कुरकुरत, वाकडातिकडा का होईना, हवा तिकडे गेला. ट्रकवाले पुन्हा कडेला जाऊन उभे राहिले आणि त्यानंतर रोज तिथेच उभे राहिले. संध्याकाळी दोघं गप्पा मारतच घरात शिरायचे, ते बघून एकदा लेक म्हणाली, ‘‘आई, तुमचं लग्न नव्याने ठरलंय का?’’

मग मोत्याच्या रंगाच्या गाडीची पाळी आली. डबा जोडला, सगळे बसले, सामान म्हणून पाण्याचे कॅन भरले. गाडीचं मागचं अंग लगेच खाली बसलं. बाईंनी ते पाहिलं, पण नातींचे चेहरे बघून त्यांनी गाडी सुरू केली. गावातून गाडी छान गेली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर, उतारावर, शेजारून एक उंच मालट्रक सुसाट पुढे गेला आणि त्याच्या वाऱ्याने डबा हलला. आधी थोडा. मग इकडून तिकडे, तिकडून इकडे, जास्तच. मागचं धूड पुढच्या गाडीची शेपटी धरून हिसडायला लागलं. मागे लेकीने दोन्ही मुलींना कवटाळलं.

ट्रकवाल्यांचे हात आपोआप पुढे गेले, पण त्यांच्यासमोर चाक नव्हतं. तोंडापर्यंत आलेलं ‘ब्रेक नको!’ त्यांनी बायकोकडे बघून परत गिळलं. बाईंनी ब्रेकला पाय लावलाच नव्हता. त्यांनी वेगाच्या पेडलवरचा पाय उचलला होता आणि चाक घट्ट, सरळ धरून ठेवलं होतं. डब्याने आणखी दोन हेलकावे खाल्ले, मग तो दमल्यासारखा शांत झाला. बाईंनी गाडी हळूहळू कडेला घेतली, थांबवली आणि मगच चाकावरचे हात काढले.

थोरली नात म्हणाली, ‘‘आजी, काचेचं छत नसलं तरी चालेल.’’

लेक रडवेली झाली होती. ‘‘आई, राहू दे हे सगळं. आपण कुठेतरी खोली घेऊन राहू.’’

‘‘गाडी वाईट नाही गं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आपल्या कामाची नाही, एवढंच. आखूड आहे आणि हलकी आहे. डबा तिला खेळवतो. मला अशी हवी, जी डब्याला खेळवेल.’’

ट्रकवाले खिडकीबाहेर बघत राहिले. आपल्या धंद्यातले किती जवान गडी अशा वेळी घाबरून ब्रेक दाबतात आणि गाडी उलटवतात, हे त्यांना माहीत होतं.

शेवटी गाडी सापडली ती व्यापाऱ्याच्या अंगणात अगदी कोपऱ्यात. लांबलचक, अंगाने भारी, डिझेलवर चालणारी, तीन रांगांची. रंग असा, की धुतली काय आणि न धुतली काय. व्यापारी स्वतःच म्हणाला, ‘‘हिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही हो.’’ बाईंनी दाराची पट्टी वाचली, डबा जोडायचा मागचा लोखंडी गोळा हलवून पाहिला, सीट पुढे घेतली. मग त्याच रस्त्याला, त्याच उतारावर, सगळं सामान भरून त्या गेल्या. शेजारून मालट्रक गेला. डब्याने नुसता खांदा उडवल्यासारखं केलं आणि मुकाट मागे येत राहिला.

‘‘हीच,’’ बाई म्हणाल्या.

‘‘हीच,’’ ट्रकवाले म्हणाले. लेकही हो म्हणाली. नातींनी मात्र गाडीला ‘म्हैस’ म्हणायचं ठरवलं, त्याला कोणाचीच हरकत नव्हती.

पुढच्या आठवड्यात म्हैस डबा घेऊन तळ्याकाठच्या तळावर पोचली. दुपारची वेळ होती. आधीच बरीच कुटुंबं आली होती आणि खुर्च्या टाकून, कप हातात घेऊन, नव्याने येणाऱ्यांची फजिती बघत बसली होती. राहिलेली जागा एकच, एका झाडाच्या आणि पाण्याच्या नळाच्या मध्ये, जेमतेम डब्याएवढी.

ट्रकवाले उतरून मागे गेले. इशारे करायला त्यांनी हात वर केले. बाईंनी आरशात पाहिलं, चाक खालून धरलं आणि डबा मागे घेतला. पहिल्यांदा तो नळाकडे कलला. त्या थांबल्या, थोडं पुढे घेऊन पुन्हा आल्या. या वेळी डबा सरळ आला, झाड आणि नळ दोन्हीकडे सारखी जागा सोडून आत जाऊन बसला. ट्रकवाल्यांनी वर केलेले हात केव्हाच खाली घेतले होते.

शेजारचा एक गृहस्थ उठून त्यांच्याकडे आला. ‘‘वा, काय सफाईने लावून घेतलीत! तुम्ही ड्रायव्हर होतात वाटतं?’’

‘‘होतो,’’ ट्रकवाले म्हणाले. ‘‘पण मी नाही लावली. ती बघा, ती उतरतेय ना, तिने लावली. माझी बायको.’’ मग एवढ्यावर भागलं नाही म्हणून पुढे म्हणाले, ‘‘गाडीसुद्धा तिनेच निवडली. आम्ही सगळे चुकलो होतो.’’

गृहस्थ थोडा घुटमळला. त्याचा स्वतःचा डबा वाटेत तिरका उभा होता आणि सकाळपासून तो सरळ होत नव्हता. ‘‘त्यांना विचारलं तर रागावणार नाहीत ना?’’

‘‘विचारून बघा. फक्त एक सांगतो, ती चालवत असताना लांब उभे राहा आणि गप्प बसा.’’

बाई त्याच्या गाडीत जाऊन बसल्या. ट्रकवाल्यांनी डब्यातून घडीची खुर्ची काढली, दोन्ही नातींना बोलावून जवळ बसवलं आणि चांगला डोळा बायकोकडे लावून म्हणाले, ‘‘नीट बघा गं. आजीचे हात बघा.’’